ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

चंपतरावांनी टेस्टर नातीच्या हातात दिला, तिचं बोट धरून त्याच्या मागच्या पितळी टोपीवर टेकवलं आणि आपला हात मागे घेतला. तो हात थरथरत होता. चहाची बशी धरण्यापुरता अजून चालायचा, पण विजेच्या कामाला त्याचा भरवसा राहिला नव्हता.

"आता टोक बोर्डाच्या त्या भोकात घाल. उजव्या."

"करंट लगा तो?"

"लाकडाच्या फळीवर उभी आहेस, पायात रबरी चप्पल आहे. अन मी आहो ना मागं."

संघमित्राने श्वास रोखून टोक आत घातलं. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा लागला नाही.

"डेड है, आबा."

"डेड नाही म्हणायचं. लाइन इथपर्यंत आली नाही, असं म्हणायचं. मग ती कुठपर्यंत आली ते पाहायला जायचं."

गाडी हिंदी मुलखातल्या रिसालीत, त्यांच्या घराच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली उभी होती. एके काळी ती शाळेची छोटी बस होती. पांढऱ्या रंगाखालून जुना पिवळा अजून डोकवायचा. चंपतरावांच्या मुलाने, राजदीपने ती भंगारातून आणली आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तिच्यात खपून तिचं फिरतं घर केलं. मागे पलंग, दाराशी गॅसचा ओटा, तीन विजेचे बोर्ड. बापासारखाच तोही पोलादाच्या कारखान्यात, मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. आधी सिरपूरचे जुने बौद्ध विहार पाहायचे, मग नागपूर, मग रस्ता नेईल तिकडे, असं त्याने ठरवलं होतं. उन्हाळ्यात एका दुपारी तो गाडीतून जेवायला घरात आला, हात धुतले आणि छाती धरून मोरीपाशीच खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून गाडी तशीच होती. बॅटरीवरचे दिवे लागत, पण एकाही बोर्डात वीज येत नव्हती. वस्तीतल्या एका मिस्त्रीने येऊन बोर्डांची बटणं बदलली, मान हलवली आणि तो निघून गेला. चंपतरावांनी तेव्हा गाडीत पाय ठेवला नव्हता. आता उतईचा केवलराम गाडी घ्यायला तयार होता. त्याचं लग्नाच्या मंडपाचं काम होतं. पलंग काढून टाकून तो तिच्यात खुर्च्या आणि कढया वाहणार होता. ते ऐकून संघमित्राने ताट दूर सारलं, तेव्हा तिची आई सुजाता म्हणाली होती, "बोर्ड चालू झाले तर नाताळच्या सुट्टीत एकदा सिरपूरला जाऊ. नाही झाले तर रविवारी गाडी जाईन." होणार नाही असं पक्कं ठाऊक असलेली अट घालावी, तसं ती बोलली होती.

उद्या रविवार होता.

"घरापासून निघू," चंपतराव म्हणाले. "लाइन जिथून येते तिथून."

त्यांनी एकेक पायरी घेतली. ओसरीवरचा प्लग तिने तपासला, दिवा लागला. तिथून निघालेली जाड केबल अंगणातून गाडीच्या कुशीतल्या सॉकेटपर्यंत गेली होती, तिथेही लागला. दाराजवळच्या लोखंडी डब्यात दोन स्विच होते. चंपतरावांनी पेचकसाची मूठ तिच्या हातात ठेवली, झाकण तिच्याकडूनच उघडवलं, आणि कुठे बोट लावायचं नाही ते आधी दाखवलं. स्विचच्या वरच्या बाजूला दिवा लागला. खालच्या बाजूलाही लागला.

"यहाँ तक आई," संघमित्रा म्हणाली. तिच्या आवाजात आता भीती नव्हती.

"अन बोर्डात नाही. मग?"

"मतलब बीच में कहीं."

"हाव. मधी कुठीतरी. तुझा पप्पा वायर कशी नेत होता?"

"कोपऱ्याकोपऱ्यानं. सीधी. तिरछी वायर देखके चिढ़ते थे."

"मग बोटानं जा तिच्या मागं."

पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून ती निघाली. ओट्याच्या मागून, खिडकीच्या खालून, पलंगाच्या पायापाशी पट्टी फळीखाली शिरली. दोघांनी मिळून गादी दुमडली. फळी जड होती. चंपतरावांनी ती खांद्याने टेकवून धरली आणि संघमित्रा खाली वाकली.

"आबा, इथं काही तरी आहे. पांढरं. रिकामं."

पलंगाखाली एका लाकडी पट्टीवर चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजचा खालचा अर्धा भाग बसवलेला होता. त्याचा वरचा भाग, ज्यात फ्यूजची तार असते, तो कोणीतरी उपसून काढला होता. दोन पितळी जिभा उघड्या पडल्या होत्या. आणि त्यांच्यावर सुतळीने बांधलेला एक लाल पुठ्ठा लोंबत होता. संघमित्राने टॉर्च धरून वाचलं.

"आदमी काम पर है. लाइन चालू न करें. राजदीप."

फळी चंपतरावांच्या खांद्यावरून थोडी घसरली. त्यांनी ती हळूच भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या काठावर बसले.

"हे पप्पांनी कावून लावलं? घरीच तर होते."

"त्याची सवय." त्यांनी फळी नीट टेकली आहे ना ते पाहिलं. मग नेहमीच्या शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "पाह्य, मिलमधी लाइनीवर काम करायचं असलं की आधी लाइन बंद करा. फ्यूज उपसा अन आपल्याच खिशात ठेवा, म्हणजे कोणी चुकून लावन नाही. मग आपल्या नावाचा टॅग लटकवा. तो टॅग आहे तोवर कोणीच हात लावत नाही. साहेब आला तरी नाही. कारण टॅग आहे म्हणजे आत माणूस आहे."

"मग काढते कोण?"

"ज्याचा टॅग त्यानंच काढायचा."

हा नियम राजदीपला त्यांनीच शिकवला होता, तोही कारखान्यात लागण्याच्या कितीतरी आधी. शाळेत असताना त्याने घरातल्या घंटीला टॅग लावला होता आणि पाहुणे दार ठोकत बसले होते. लग्नानंतर एकदा मिक्सरला लावला. सुजाताने चटणी पाट्यावर वाटली आणि दिवसभर त्याला मिस्त्रीसाहेब म्हणून चिडवलं.

"अन तो माणूस विसरून घरी गेला तर?" संघमित्राने विचारलं.

"तर आधी त्याचं नाव घेऊन हाका मारायच्या. उत्तर नाही आलं तर गेटवर विचारायचं, बाहेर गेला का म्हणून. ज्यानं त्याले जाताना पाहिलं त्यानं तसं सांगायचं. मग इन्चार्ज टॅग काढते."

"सुपेला के बाज़ार में नया मिलेगा ना, ये फ्यूज? साइकिल से ले आऊँ?"

"मिळते."

पण ते उठले नाहीत. "आधी पाहू, काय काम राहिलं होतं," ते म्हणाले.

काम सापडायला वेळ लागला नाही. खिडकीखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीला एक चौकोनी भोक पाडलेलं होतं आणि त्यातून वायरींची काळी टेप गुंडाळलेली टोकं बाहेर आली होती. चौथा बोर्ड पलंगाखालच्या खोक्यात तयार होता. इतक्या खाली बोर्ड कशाला, हे चंपतरावांना उमगेना. त्यांनी डब्यातला स्विच खाली पाडला, केबल ओसरीवरून काढून आपल्या नजरेसमोर आणून ठेवली आणि मगच संघमित्राला बसवलं. लाल वायर इथे, काळी तिथे, हिरवी वरच्या मोठ्या भोकाला. स्क्रू किती पिळायचा हे शब्दात सांगता येत नाही. तिने एकदा कमी पिळला, वायर निसटली. दुसऱ्यांदा जास्त, तार तुटली. ते रागावले नाहीत. तार पुन्हा सोलायला लावली.

"पप्पाकडूनबी तुटत होती?"

"तुझ्यापेक्षा जास्त. अन वरून म्हणे, वायरच खराब आहे."

ती हसली. बोर्ड भिंतीला लागला, किंचित तिरपा.

"अब?"

चंपतराव पुन्हा पलंगापाशी गेले, वाकले, आणि लाल पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर त्यांचा हात थांबला. संघमित्रा वाट पाहत राहिली.

"आबा, आप ही तो इन्चार्ज हो."

"हाका मारायच्या असतात आधी," ते म्हणाले. पण हाक त्यांनी मारली नाही.

तेवढ्यात दारात सुजाता दिसली. हातात चहाचे दोन कप होते. राजदीप गेल्यापासून ती या गाडीत चढली नव्हती. आजही कप देऊन परतणारच होती. पण तिची नजर खिडकीखाली गेली.

"हा बोर्ड कायचा, मामाजी?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"राजदीपनं अर्धा ठेवला होता. पोरीनं लावला. इतक्या खाली कायले, मले समजून नाही राहिलं."

सुजाताने कप ओट्यावर ठेवले आणि पायरी चढून आत आली. खिडकीपाशी उभी राहून तिने बोर्डाकडे पाहिलं, मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे. ती घरी ब्लाउज शिवायची. तिच्या शिलाई मशीनची मोटर पायाशी असायची.

"मी म्हटलं होतं त्याले," ती म्हणाली. "तू गाडी घेऊन फिर, माझी शिलाई बंद पडन. तेव्हा काहीच बोलला नाही."

सुजाता पलंगावर टेकायला वळली आणि तिला उघडी फळी दिसली, खालचं पांढरं चिनीमातीचं रिकामं तोंड दिसलं. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग उतरली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स होती. आतल्या चेनच्या कप्प्यातून तिने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि चंपतरावांसमोर धरलं.

"दवाखान्यात नर्सनं दिलं होतं. त्याच्या खिशातलं. घड्याळ, कंगवा अन हे. मले वाटलं मिलमधलं काही असन."

रुमालात फ्यूजचा वरचा भाग होता. तार शाबूत होती. चिनीमातीवर एकही चरा नव्हता. गेले कितीतरी महिने तो सुजाताबरोबर बाजारात, शाळेत, बँकेत फिरला होता.

चंपतरावांनी तो हातात घेतला नाही.

"हा तू ठेव, बाई. मी सुपेल्यातून नवीन आणतो. सारखाच असते."

"हा इथलाच आहे ना?"

"हाव."

"मग इथंच राहू द्या."

"पर मम्मी, टॅग है ना," संघमित्रा म्हणाली. तिने सकाळपासून शिकलेलं सगळं आईला नीट सांगितलं, एकही पायरी न गाळता: खिसा, हाका, गेट. "जिसने बाहर जाते देखा, उसको बोलना पड़ता है."

सुजाताने रुमालाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

"मी होती तिथं," ती सासऱ्यांकडे पाहत म्हणाली. "मी पाहिलं. गेला तो, मामाजी."

चंपतरावांनी मान डोलावली. मिलमध्ये गेटवरून निरोप आला की डोलावत, तशीच. मग वाकून त्यांनी सुतळीची गाठ धरली. ती घट्ट होती आणि बोटं ऐकत नव्हती. सुजाता शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या शिवणाच्या बोटांनी गाठ सोडवली. पुठ्ठा तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

फ्यूज सुजातानेच बसवला. दोन्ही तळव्यांनी दाबावा लागला. पितळी जिभांत तो शिरल्याचा बारीकसा आवाज झाला.

केबल पुन्हा ओसरीवर लावून आल्यावर संघमित्रा लोखंडी डब्यापाशी उभी राहिली, एक बोट स्विचखाली.

"लाइन देण्याआधी विचारायचं," चंपतराव म्हणाले. "मोठ्यानं."

"लाइन आ रही है," संघमित्रा मोठ्याने म्हणाली. "कोई काम पर है?"

"नाही," सुजाता म्हणाली.

संघमित्राने बोट उचलायला घेतलं, पण चंपतरावांनी हात वर करून तिला थांबवलं. ते दाराकडे तोंड करून उभे होते, मान थोडी कलती, दुरून कोणी ओ देतं का ते ऐकत असल्यासारखे. बाहेर पेरूच्या झाडात पोपट भांडत होते. ओट्यावरच्या चहावर साय धरली होती.

मग त्यांनी हात खाली घेतला.

स्विच वर गेला. टेस्टर घेऊन मुलगी बोर्डाबोर्डाने निघाली. ओट्याजवळचा, पलंगाच्या उशाचा, दाराचा. शेवटी खिडकीखाली, तिरप्या बोर्डापाशी बसली. बोट टोपीवर ठेवून तिने टोक आत घातलं.

"आबा, आली."

"कुठपर्यंत?"

"मम्मीच्या मशीनपर्यंत."

सुजाता पलंगावर बसून होती. मांडीवर पर्स होती, तिच्या रिकाम्या कप्प्याची चेन उघडीच. तिने आतून मोबाइल काढला, केवलरामचा नंबर शोधला, आणि बाहेर न जाता तिथूनच लावला. "उद्या नका येऊ, भाऊ," ती म्हणाली.