धोंडीबाला लिहिलेलं पत्र

माझी मुलगी स्वरूपा यंदा पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या मॅडमनी पत्रलेखन शिकवलं आणि सांगितलं, की पत्र नुसतं वहीत लिहायचं नाही, खऱ्या माणसाला, खऱ्या पत्त्यावर, तिकीट लावून पाठवायचं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, कुणाला काही कळवायचं राहून गेलंय का, आणि त्यांच्या वतीनं लिहा. वहीत नक्कल ठेवा, ती वर्गात वाचायची.

स्वरूपानं तिच्या आजोबांना विचारलं. म्हणजे माझ्या वडिलांना, सावळारामांना. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी आमचा ऊस आहे. आबा साठी ओलांडलेले, बोलणं मोजकं. मला वाटलं, आत्याला लिहायला सांगतील. पण ते म्हणाले, "लिव. प्रिय धोंडीबा."

हे नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मी ओसरीवर ठिबकची नळी जोडत बसलो होतो. हातातलं काम ठेवून ऐकायला लागलो.

आबा सांगत गेले, स्वरूपा लिहीत गेली. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आबा आणि धोंडीबा पाचवीत एका वर्गात होते. वर्गात भिंतीवर पुणे जिल्ह्याचा नकाशा होता, मागून कापड लावलेला. गाव बुडणार असं सगळे म्हणत होते. निदान नकाशातलं गाव तरी आपल्याकडं राहावं, म्हणून आबांनी एक दिवस शाळा सुटल्यावर तो नकाशा काढला, गुंडाळला आणि कडब्याच्या गंजीत लपवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी धोंडीबाला उभं केलं. वर्ग झाडायचं काम रोज त्याच्याकडंच असायचं.

"का? पाळी नव्हती?" स्वरूपानं विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "त्यो बौद्धवाड्यातला हुता. त्यालाच लावायचे झाडायला. आमाला ते वावगं वाटायचं न्हाय तवा."

मास्तरांनी सगळ्यांसमोर धोंडीबाला छडी तुटेपर्यंत मारलं. तो एवढंच म्हणत राहिला, "म्या न्हाय घेतला, गुरुजी." त्याच्या बापाला बोलावून आणलं, त्याच्यासमोर पोराला चोर म्हटलं. बाप पोराचा हात धरून घेऊन गेला. धोंडीबा पुन्हा शाळेत आला नाही. आबांनी भीतीनं त्याच संध्याकाळी नकाशा चुलीत घातला. वर्षभरात पाणी आलं, गाव पांगलं.

स्वरूपाचं पेन थांबलं. "आबा, तुम्ही तेव्हा उठून का नाही सांगितलं?"

आबांनी वहीकडं बोट केलं. "लिव," म्हणाले. "नकाशा मी घेतला हुता. तू चोर न्हवतास. तुझा, सावळाराम."

पत्ता त्यांना पाठ होता. वडगाव निंबाळकर, तालुका बारामती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, धोंडीबांच्या मुलाचं. त्याचं नाव बुद्धभूषण, तो बँकेत नोकरीला आहे. चारच ओळी होत्या. "आपले पत्र मिळाले. माझे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. गाव पाण्यात गेले म्हणून शाळा सुटली, असे ते आम्हाला सांगत असत. पत्र आईला वाचून दाखवले. तिला आपल्याला भेटायचे आहे."

आबांनी ते स्वरूपाकडून दोनदा वाचून घेतलं आणि न जेवता पाण्याकडं निघून गेले. रविवारी मी त्यांना मोटारसायकलवरून वडगावला नेलं. 

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली धोंडीबांचा, हार घातलेला. आबा त्या फोटोकडं बघत उभेच राहिले. बुद्धभूषणनं खुर्ची पुढं केली तेव्हा बसले. धोंडीबांची बायको केसरबाई समोर सतरंजीवर बसल्या होत्या.

"मला लग्नाच्या पयल्या वर्सालाच सांगितलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "चोरी केली न्हाय, तरी मार खाल्ला म्हणून. पोरांना सांगू नको म्हणाले. आयुष्यभर कॅनॉलवर मजुरी केली. पोरांच्या पुस्तकांना कव्हरं तेच घालायचे, पर शाळेत कधी पाऊल टाकलं न्हाय. बक्षीस समारंभ असला तरी मीच जायची. हे फाटकाभाईर उभं राहायचे."

बुद्धभूषण खाली मान घालून ऐकत होता. वडील फाटकाबाहेर का थांबायचे, ते त्यालाही आता उलगडत असावं.

"वहिनी, माफ करा मला," आबा म्हणाले.

"ते त्यांच्या हातात हुतं. माझ्याकडं मागू नका." मग त्यांनी विचारलं, "पत्ता कुणी दिला आमचा?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. "आमच्या जुन्या गावातल्या दादासोनं," ते म्हणाले. "बारामतीच्या बाजारात त्याची गाठ पडली हुती धोंडीबाशी. पंधरा वर्सं झाली."

"पंधरा वर्सं? म्हंजी ते हुते तवा."

"व्हय."

केसरबाईंनी पदर तोंडाला लावला.  रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप आबांच्या हातात देताना म्हणाल्या, "येका कागदाचं काम हुतं. त्यांना वाचता येत हुतं."

आबांनी चहा प्यायला. थोडा धोतरावर सांडला.

त्या दिवसापासून आबा आणखी कमी बोलतात. सांगण्यासारखी एकच गोष्ट त्यानंतर झाली. वर्गात पत्र वाचायचा दिवस आला तेव्हा स्वरूपानं मला हळूच विचारलं, "पप्पा, दुसरं एखादं लिहून नेऊ का? मामाला?" आबांनी ते ऐकलं. "हेच वाच," म्हणाले. "माझं नाव गाळू नको."

तिनं वाचलं. संध्याकाळी घरी आल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हणाली पोरं?"

"कुणी काही नाही म्हणालं. मेघनानं फक्त विचारलं, की मग ते परत शाळेत आले का."

"तू काय सांगितलंस?"

"नाही आले म्हणून सांगितलं."

आबांनी मान हलवली. स्वरूपा त्यांच्या शेजारी बसून जिल्ह्याच्या नकाशात रंग भरायला लागली. आबा उठून आत गेले.