शेवटून दुसरं नाव

बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी चावीवाल्याने फोनची वायर भिंतीतून काढून टाकली. रागाने नाही. फोन वाजला की त्याला वाटायचं, इस्पितळातून आहे. ती अडतीस दिवस तिथे होती, आणि त्या अडतीस दिवसांत फोन वाजला की पोटात गोळा यायचा. माणूस मातीत गेलं तरी गोळा जागच्या जागी राहिला. म्हणून त्याने वायर काढली, गुंडाळून फोनखाली ठेवली आणि वर तिनेच शिवलेलं एक फडकं टाकलं. फडक्याची शिवण वाकडी होती. तिची शिवण कायम वाकडीच यायची.

याला सात महिने झाले होते.

त्याचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. ज्यांच्या किल्ल्या हरवल्या, आत राहिल्या, मोडल्या, त्यांची दारं तो उघडून द्यायचा. चाळीस वर्षांत एक नियम त्याने मोडला नव्हता: ज्याचं दार, त्याने स्वतः ‘उघड’ म्हटल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. पोलीस आले तरी तो म्हणायचा, घरमालकाला बोलवा. बायको चेष्टा करायची, की स्वर्गाच्या दारातही तुम्ही असेच परवानगीची वाट बघत उभे राहाल. आता चेष्टा करणारं कोणी नव्हतं आणि दुकानही तो दुपारीच बंद करत होता.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार तीन दिवसांवर आला असताना मेट्रन त्याचं दार ठोठावत आली. ती निवृत्त झाली त्याला बारा वर्षं झाली होती, पण चर्चची अख्खी मंडळी तिला अजून मेट्रनच म्हणायची आणि तीही सगळ्यांना आपल्या वॉर्डातले पेशंट समजायची.

“भाऊ, दार बंद करून बसायचं हे कुठून शिकलात? तुमचा धंदा तर उलटा आहे.”

“बसा,” तो म्हणाला आणि खुर्चीवरची हत्यारं उचलली.

ती बसली. तिचा गुडघा कुरकुरला. “चर्चचं छत झालं. रविवारी उघडतंय. पहिली मेणबत्ती आपल्याच जागेवर लावायची. छत काय पडलं, आपण सगळेच विस्कटलो बघा. कोणी शाळेच्या हॉलमध्ये जातं, कोणी घरी बसतं. काही जण तर रस्त्यात भेटले की दुकानाच्या पाट्या वाचायला लागतात.” तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. महिन्यापूर्वी त्याने नेमकं तेच केलं होतं. “तर ठरलंय असं, की उपासना झाली की गरम जेवण करायचं आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी पोचवायचं. त्यासाठी मला साखळी हवीय.”

साखळी म्हणजे फोनची. जुन्या पाळकसाहेबांनी ती बसवली होती. कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, उपासनेची वेळ बदलली, की पाळकसाहेब पहिल्याला फोन करायचे, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येकाला आपल्या आधीचा आणि आपल्या नंतरचा एवढेच ठाऊक. सगळ्यात शेवटचा पाळकसाहेबांना फोन करून सांगायचा, निरोप पोचला. तो फोन आला नाही, तर साखळी कुठे तुटली ते ते शोधत बसायचे. मग ते निवृत्त झाले. नवे आले ते मोबाइलवर सगळ्यांना एकदम कळवायला लागले, आणि शेवटच्या फोनबद्दल त्यांना कोणी काही बोललंच नाही.

“पूर्ण यादी छताखाली भिजली,” मेट्रन म्हणाली. “प्रत्येकाकडे जाऊन जोडतेय. पाववाल्या काकूंनंतर तुमचं घर. तुमच्यानंतर कोण?”

“काकूंचा फोन कधी आला नाही.”

“आला होता. नुसता वाजतोय, कोणी उचलत नाही म्हणाल्या. दुःखातलं घर आहे, राहू द्या, म्हणाल्या. मग आम्हीही म्हटलं, राहू द्या.” तिने पदर उगाच नीट केला. “चूक झाली, भाऊ.”

त्याने फडकं उचललं. फोनच्या बुडाला बायकोने एक कार्ड चिकटवलं होतं. तिचं अक्षर. ‘आधी: पाववाल्या काकू. नंतर: शिंपीणबाई.’ खाली नंबर, पत्ता, आणि एका कोपऱ्यात: ‘ही शेवटची. रविवारी बारा वाजता, निरोप नसला तरी.’

शिंपीणबाईला त्याने कधी पाहिलं नव्हतं. चर्चचे पडदे आणि झगे तिने शिवलेले, एवढं माहीत होतं. चार वर्षांपासून तिला जिना उतरवत नव्हता. रविवारी बारा वाजता बायको फोन घेऊन बसायची, सगळं प्रवचन तिला सांगायची, आणि मग दोघी हसत सुटायच्या. तो स्वयंपाकघरातून ओरडायचा, जेवण थंड होतंय. इस्पितळातही रविवारी दुपारी ती त्याला चहा आणायला खाली पाठवायची. तो परत आला की वॉर्डातल्या फोनवरून हसून बोलत असायची. तो विचारायचा, कोण? ती म्हणायची, आहे एक, मी इथे आहे हे तिला सांगितलेलं नाही, म्हाताऱ्या माणसाला कशाला काळजी लावायची.

“ती मुलीकडे राहायला गेली ना?” मेट्रन म्हणाली.

“कोण म्हणालं?”

मेट्रनने आठवून पाहिलं. कोण म्हणालं ते तिला सांगता येईना.

चावीवाल्याने वायर भिंतीत बसवली आणि नंबर फिरवला. पलीकडे वाजत राहिलं. पुन्हा फिरवला. पुन्हा वाजत राहिलं. ज्या बाईला जिना उतरता येत नाही, ती दुपारी चार वाजता जाईल कुठे?

मेट्रन उठली आणि गुडघा धरून परत बसली. “तुम्ही पळा. मी इथून इस्पितळांमध्ये विचारते. मला नाही म्हणायची हिंमत नाही त्यांची.”

सवयीने त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

पाच गल्ल्या होत्या. तो चालत निघाला आणि दुसऱ्या गल्लीत पळायला लागला. चौसष्टाव्या वर्षी पळताना माणूस कसा दिसतो याचं त्याला भान राहिलं नाही. सात महिने तोंडातून प्रार्थनेचा शब्द निघाला नव्हता. आताही निघाला तो एवढाच: असू दे, ती असू दे. एक वायर काढली होती त्याने. स्वतःपुरती काढली असं वाटलं होतं.

तिसरा मजला. तपकिरी दार, जुनं भक्कम कुलूप. खालच्या टपालपेटीत कागद दाटून बसलेले त्याने येतानाच पाहिले होते. त्याने दार ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं, तेव्हा आतून आवाज आला.

“कोण आहे?”

 जिवंत होती. “मी चावीवाला. तुम्हाला रविवारी फोन करायची ना, तिचा नवरा.”



“करायची,” आवाज म्हणाला. “बरोबर बोललास. आता करत नाही.”

“मावशी, दार उघडा.”

“तीस रविवार झाले. मोजलेत मी. पहिल्यांदा म्हटलं, पाहुणे आले असतील. दुसऱ्या रविवारी मीच लावला. नुसता वाजतोय. तिसऱ्याला, चौथ्याला, तेच. माझं काही चुकलं तर तोंडावर सांगावं माणसाने. मी एवढंच म्हटलं होतं, की तुझी शिवण वाकडी येते. येतेच वाकडी. त्याचा एवढा राग?”

“वाकडीच यायची,” चावीवाला म्हणाला.

कुलपापुढे गेल्यावर गुडघ्यावर बसायचं, ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. तो बसला. किल्ली आतून लावलेली होती. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आवाज वरून येत नाही. उभं माणूस दारामागून बोललं की आवाज त्याच्या डोक्यावरून जायचा. खुर्चीत बसलेल्याचा कुलपाच्या उंचीला यायचा. हा दाराच्या खालच्या फटीतून येत होता.

“मावशी, तुम्ही खाली आहात?”

“माझं घर आहे. मी कुठेही बसेन.”

“कधीपासून?”

 आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “काल दिवे लावायला उठले होते. पाय गेला. रात्र इथेच काढली. आत्ता फोन वाजला, मला वाटलं तीच. सरकत निघाले होते. पोचले नाही.”

चावीवाल्याने कपाळ दाराला टेकवलं. “मी उघडतो. एक मिनिट लागेल. तुम्ही फक्त ‘उघड’ म्हणा.”

“नाही.”

“मावशी—”

“कपडे खराब झालेत माझे. अशा अवतारात परक्या पुरुषाने मला बघायचं नाही. तिला पाठव. ती आली की म्हणेन. रागावली असली तरी येईल ती. सांग तिला, शिवण सरळ येते तुझी, म्हातारीला दिसत नाही नीट.”

त्याचे हात पिशवीवर तसेच राहिले.

सात महिन्यांत ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. सांगावी लागलीच नव्हती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पाळकसाहेबांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि जो भेटे त्याला आधीच ठाऊक असे. फक्त या एका घरात ती अजून जिवंत होती. रुसून बसली होती, फोन करत नव्हती, पण होती. त्याच्या मनात आलं, म्हणावं, पाठवतो. म्हणावं, ती जिना चढतेच आहे, तुम्ही ‘उघड’ म्हणा. म्हातारी म्हणालीही असती. आणि त्यालाही अजून पाच मिनिटं तसं मानता आलं असतं. जिन्याकडे त्याने खरोखरच एकदा मान वळवून पाहिलं.

“मावशी, ती येणार नाही.”

“एवढा राग आहे?”

“राग नाही. ती गेली. आजारी होती. तुम्हाला शेवटचे फोन केले तेव्हाही इस्पितळातच होती. सात महिने झाले.”

 जिन्यात कोणाचं तरी दार लागलं. आत काहीच हललं नाही. त्याला वाटलं, या थंड फरशीवर आता हीही गेली. आपणच मारली.

“मला कोणी सांगितलं नाही,” फटीतून आवाज आला.

“तुम्हाला सांगणारी तीच होती.”

“तिच्यानंतर ते काम तुझं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “माझं होतं.”

म्हातारी रडत होती की नुसती श्वास घेत होती, त्याला कळलं नाही. मग ती म्हणाली, “उघड.”

बारीक चिमट्याने त्याने आतली किल्ली बाहेरूनच धरली आणि फिरवली. दार वीतभर उघडून तिला टेकलं. तो आडवा होऊन आत शिरला, आधी भिंतीकडे पाहिलं, कोट काढून तिच्यावर टाकला, आणि मगच खाली पाहिलं. केवढीशी बाई. ओठ निळे पडलेले. एक पाय जसा असू नये तसा.

फोन टेबलावर होता, तिच्यापासून चार हात लांब. त्याने स्वतःच्या घरचा नंबर लावला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या घरात कोणीतरी फोन उचलला.

“हलवू नका,” मेट्रन म्हणाली. “घरात असेल नसेल ते पांघरूण घाला. ओठ ओले करा, पाणी पाजू नका. गाडी मी पाठवते.” मग थांबून, हळू आवाजात: “अख्खी रात्र? या वयात? भाऊ, तिच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका.”

तो फरशीवर तिच्या शेजारी बसला.  तीच बोलली.

“माझ्याबद्दल काय म्हणायची?”

“म्हणायची, एका बाईला वाटतं मला अजून सुधारता येईल.”

ती हसल्यासारखी झाली. “नसतं सुधारता आलं.”

“नाही.”

“मला विसरली नाही ना पण?”

“नाही, मावशी. मी विसरलो.”

 त्याला माफ केलं असं ती म्हणाली नाही. फक्त गाडी येईपर्यंत त्याच्या बाहीची कड दोन बोटांत धरून चाचपत राहिली, जशी कापडाची जात पाहतात तशी.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मेट्रन निघून गेली होती. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच फोन वाजला.  तीनदा वाजू दिला, मग उचलला.

“मी पाववाली काकू. निरोप आहे. रविवारी दहा वाजता चर्च उघडतंय. नंतर डबे पोचवायचेत, तुमच्याकडे जिने चढून जायची घरं दिलीत. शिंपीणबाईंसाठी आज सगळ्यांनी प्रार्थना करायची. पुढे कळवा.” तिने फोन ठेवला नाही. “भाऊ, मी पुन्हा लावायला हवा होता.”

“वायर मीच काढली होती, काकू.”

“तरी यायला हवं होतं. पाच मिनिटांवर तर घर.”

फोन ठेवून तो कार्डाकडे पाहत बसला. नंतर: शिंपीणबाई. अक्षर बायकोचं. तिला नेलं होतं ते इस्पितळही तेच; त्याने तिथला नंबर लावला. तो त्याला पाठ होता. विसरायचा फार प्रयत्न केला होता. पलीकडे नर्स आली.

“त्या आत आहेत. ऑपरेशन चालू आहे. आत्ताच काही सांगता येणार नाही. तुम्ही कोण, नातेवाईक?”

 मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. आज दुपारपर्यंत तिचा चेहराही त्याला माहीत नव्हता.

“तिच्या आधीचा,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तिला एक निरोप द्यायचाय. मलाच द्यायचाय.”

“अहो, दोन-तीन तास लागतील. आणि नंतर तरी त्या बोलतील की नाही...”

“रिसीव्हर बाजूला काढून ठेवा. मी थांबतो.”

“असं लाइन अडवून ठेवता येत नाही, काका.”

“मग मी तिथेच येतो,” तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला, वायर हाताने दाबून पाहिली, घट्ट होती, आणि कोट शोधायला लागला. मग आठवलं, कोट तिच्या अंगावर होता. तसाच सदऱ्यावर तो निघाला. त्याच दाराने आत जायचं होतं, ज्यातून सात महिन्यांपूर्वी तो एकटा बाहेर आला होता. तिकडे नवे पाळकसाहेब, मेट्रनने बजावून ठेवल्याप्रमाणे, शेवटच्या फोनची वाट बघत बसले होते.