चादर हलली नव्हती

“आधी पंख सरळ कर. देवाला नंतर हाक मार, तो थांबतो.”

काकांचा आवाज. हेडफोनमधून आला म्हणावं तर हेडफोन मुका होता. कानामागच्या हाडातूनच कुणी बोलावं तसा तो आला आणि विरला. टाचणीने सवयीने उजवीकडे पाहिलं. त्या जागेवर काका बसायचे, गुडघे पोटाशी घेऊन, कारण त्यांच्या उंचीला हे विमान कधी पुरलंच नाही. आज तिथे दातांचे डॉक्टर बसले होते आणि तोंड उघडं टाकून घोरत होते. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाने झोपेत तरी आणखी काय करावं!

खाली समुद्र संपत आला होता आणि शहराची कड दिसू लागली होती.

टाचणी हे नाव काकांनीच ठेवलेलं. आईवडिलांच्या मागे ती त्यांच्या दारात आली तेव्हा अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. “ही पोर नाही, टाचणी आहे,” असं म्हणत त्यांनी तिला जे खांद्यावर घेतलं, ते थेट विमान चालवायला शिकवेपर्यंत खाली ठेवलं नाही. बेटावरची औषधं, टपाल आणि अडलेनडलेले प्रवासी यांची ने-आण करायचं काम आधी त्यांचं होतं, आता तिचं. काका गेल्या साली गेले. याच धावपट्टीवर, एका मोठ्या विमानाच्या मागे उतरताना.

मोठं विमान हवेतून जातं तेव्हा त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन पीळ सुटतात, आडव्या पडलेल्या वावटळींसारखे. विमान जमिनीला टेकलं तरी ते मागे हवेत फिरतच असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. हळूहळू खाली बसतात आणि मरतात. पण मरण्याआधी लहान विमान त्यांच्या तावडीत सापडलं, तर वहीचं पान उलटावं तसं उलटतं. काकांचं उलटलं. चौकशी झाली, अंतर राखणं हे वैमानिकाचं काम होतं असं ठरलं आणि ती मिटली. हँगरमधल्या चहाच्या टेबलावर लोकांनी ते आणखी सोपं केलं. म्हणाले, शिकवणाराच चुकला.

काकू त्यावर एकच वाक्य म्हणायची, अधूनमधून, भाजी चिरता चिरता, दार लावता लावता. “त्या दिवशी चादर हलली नव्हती गं.” आले-गेलेले एकमेकांकडे बघायचे आणि विषय बदलायचे. बाई दुःखाने भरकटली आहे, बोलू द्यावं.

काकूचं घर विमानांच्या वाटेखालीच होतं. मोठं विमान कौलांवरून गडगडत जायचं, आवाज विरायचा, गल्लीतलं कुत्रं भुंकून दमायचं आणि मग, सगळं शांत झाल्यावर, अंगणात काहीतरी उतरायचं. आधी वरच्यावर कापड फाटल्यासारखी सळसळ. मग दोरीवरचे कपडे एकदम गरगर फिरून एकमेकांत गुंतायचे, एखादं कौल खडखडायचं आणि पुन्हा जणू काही झालंच नाही. काकू त्याला ‘गेल्यावर येतं ते’ म्हणायची. नवीन माणसाच्या अंगावर काटा यायचा. काकांनी मात्र त्यातून स्वतःची सोय करून घेतली होती.

“तुझी एक पांढरी चादर दोरीवर टाकत जा,” ते काकूला म्हणाले होते. “वरून मला दिसते. गरगरत असली तर मी थांबेन, स्वस्थ असली तर येईन. टॉवरवाल्यांच्या दुर्बिणीपेक्षा माझा तुझ्या धुण्यावर विश्वास जास्त.”

“म्हणजे माझं धुणं आता सरकारी झालं म्हणायचं,” काकूने हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून नेम धरला. सकाळी प्रार्थनेला बसण्याआधी चादर स्वतःच्या हाताने धुवायची, पिळायची, चारी कोपरे ताणून दोरीवर घालायची. अंगात ताप असला तरी चादर चुकली नाही. काका गेल्यावर शेजारीण म्हणाली, आता कुणासाठी? काकू म्हणाली, “टाचणी येते ना त्याच वाटेने.”

त्यानंतरच्या एका संध्याकाळची गोष्ट. काकू डोळे मिटून प्रार्थनेला बसली होती. टाचणीने दूध तापायला ठेवलं आणि खिडकीशी जाऊन विसरली. काकू मधूनच उठली, धावत येऊन गॅस बंद केला.

“अगं, प्रार्थना अर्धी टाकून?”

“देव थांबतो. दूध थांबत नाही.” पदराला हात पुसावेत तसे तिने ओट्यावरच्या फडक्याला पुसले आणि पाठ फिरवूनच विचारलं, “टाचणे, त्यांना कळलं असेल का गं?”

सगळे सांगत तेच टाचणीने सांगितलं. “नाही गं. क्षणाचं काम. कळलंसुद्धा नसेल.”

“तू गेली आहेस त्यातून?”

“नाही.”

“मग तुला कुणी सांगितलं?” काकू वळली. “सगळे मला लहान मुलासारखं थोपटतात. तुझ्या वाट्याला ते आज ना उद्या येणार. आलं, की त्याच दिवशी मला येऊन सांगायचं. कसं असतं, किती वेळ मिळतो, माणसाला काय काय समजतं. आणि का होतं तेही. गोड करून नाही.”

“आणि मी परतलेच नाही तर?”

“तर मग वर येऊन दोघांनाही एकदमच फैलावर घेईन. दे वचन.”

टाचणीने हात पुढे केला. काकूने त्यात दुधाचा पेला ठेवला.

“पुढचं मोठं विमान दिसतंय का?” आता हेडफोनमधून टॉवरवाल्याने विचारलं.

“दिसतंय.” काकांनीही हेच उत्तर दिलं होतं. एकदा दिसतंय म्हटलं की अंतर आपलं आणि जबाबदारीही आपली. “पण मी जरा लांबून वळून येते.”

“या लांबून. घाई कुणाला आहे?” टॉवरवाला काकांच्या वेळचाच. त्या दिवसापासून तो कुणालाच घाई करत नाही.

डॉक्टर जागे झाले. “पोहोचलो, कॅप्टनबाई?”

“पोहोचतोय. पट्टा घट्ट करा आणि सैल बसा.”

“मीही पेशंटला हेच सांगतो,” डॉक्टर पट्टा ओढत म्हणाले. “त्यानंतरच तो ओरडतो.”

तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. मोठ्याच्या वाटेच्या वर राहिली. त्याची चाकं जिथे टेकून धूर उडाला त्याच्या बरीच पुढची जागा डोळ्यांनी धरली. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची कापडी पिशवी अर्धवट झोपेत लोंबत होती. वारा नावापुरता, तोही मागून, पाठीवर कुणी हात ठेवावा इतकाच. तिने तो पाहिला, मनाशी नोंदला आणि सोडून दिला.

मग काकूची कौलं आली, भिंत आली, अंगण आलं. दोरीवर चादर. पांढरी, सरळ, इस्त्री केल्यासारखी. मोठं विमान नुकतंच तिच्यावरून गेलं होतं आणि तिची कडसुद्धा हलत नव्हती.

स्वस्थ आहे. ये.

टाचणीचा हात आपसूक सैल झाला. राखून ठेवलेली जास्तीची उंची तिने सोडली आणि ती नेहमीच्या वाटेवर खाली आली.

डावा पंख पडला. पडला म्हणणंही खोटं, कुणीतरी खालून हात घालून उजवा पंख उपटल्यासारखा वर उचलला. क्षितिज उभं राहिलं. डॉक्टरांची बॅग उघडून कवळ्या समोरच्या काचेवर आपटल्या आणि तिथे हसत राहिल्या. बाजूच्या खिडकीत, जिथे आकाश असायला हवं, तिथे छपरं होती. एका छपरावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. ती सतरंजी निळी आहे हेही टाचणीला दिसलं. वेळ होता. भरपूर वेळ होता.

“आधी पंख सरळ कर.”

दांडा पूर्ण उजवीकडे, उजवा पाय पूर्ण पुढे, इंजिनला होती नव्हती तेवढी ताकद. विमानाने ऐकलं नाही. दांडा टोकाला टेकला होता आणि पंख आपला डावीकडेच चालला होता. तिने दांडा सोडला नाही, दुसरं काही करून बघायच्या मोहातही पडली नाही. काका म्हणायचे, तो पीळ तुझ्यापेक्षा बलवान आहे पण त्याला दम नाही. धरून राहा.

आणि पकड सुटली. कुणी हात झटकावा तशी. विमान धाडकन सरळ झालं, तिने नाक वर घेतलं आणि धावपट्टी पायांखालून निघून जाऊ दिली.

“वर जाते,” ती म्हणाली.

“जा, जा बाई, जा,” टॉवरवाला म्हणाला. असं बोलणं त्याच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत मागे-पुढे मोठं कुणी नव्हतं. ती पुन्हा काकूच्या कौलांवरून आली. चादर तशीच. या वेळी चादरीजवळ कुणीतरी उभं होतं, मान वर करून. टाचणी धावपट्टीवर खूप पुढे टेकली, इतकी अलगद की डॉक्टरांना टेकल्याचं कळलंच नाही.

इंजिन थांबल्यावर डॉक्टर आसनाखालून कवळ्या गोळा करू लागले. “मी निदान आधी सांगतो तरी, थोडं दुखेल म्हणून,” ते म्हणाले. एकच कवळी त्यांनी दोनदा पुसली. मग हळूच म्हणाले, “तुम्ही मघाशी काहीतरी म्हणत होता. देव थांबतो, असं काहीसं. दोनतीनदा म्हणालात.”

आपण बोललो हे टाचणीला माहीत नव्हतं.

डॉक्टर उतरून गेले. टाचणी पंखाला टेकून उभी राहिली. समोर वाऱ्याची पिशवी, तोंड समुद्राकडे करून तशीच पेंगत होती. टाचणी पिशवीकडे बघत राहिली. बघता बघता तिला तोच देखावा त्या दिवसाचा दिसला. त्या दिवशी ती हँगरच्या दारात उभी होती, काकांची वाट बघत. पिशवी अशीच लोंबत होती. वारा असाच, मागून, नावापुरता.

असा वारा असला की ‘गेल्यावर येतं ते’, म्हणजे तो पीळ, अंगणात उतरत नाही. वारा त्याला अलगद पुढे नेतो आणि धावपट्टीच्या तोंडाशी आणून ठेवतो. अशा दिवशी चादर हलायचीच नाही, मोठी विमानं कितीही जावोत. काकांनी वाकून खाली पाहिलं असेल. जगात ज्या एका गोष्टीवर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास, ती दोरीवर स्वस्थ होती. आणि त्यांचाही हात सैल झाला असेल.

शिकवणारा बेफिकीर नव्हता. त्याने चादर पाहिली होती.

आणि काकू भरकटली नव्हती. इतके दिवस ती प्रश्न विचारत होती. चादर हलली नव्हती गं. ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघून विचारत होती आणि सगळे तिला थोपटत होते. टाचणीसुद्धा.

इंजिन जरा खोकलं, म्हणून पुन्हा फेरी मारली, एवढं सांगितलं तरी काकू मान डोलावेल. विमान दोनदा कौलांवरून गेलेलं तिने ऐकलंय, पण ती मान डोलावेल. आणि उद्या प्रार्थनेआधी चादर धुवायला घेईल. पिळताना मनगटं दुखतील, तरी चारी कोपरे ताणून घालेल. त्या नेमावर तर ती उभी आहे. खरं सांगणं म्हणजे तो नेमच तिच्या हातातून काढून घेणं, आणि म्हणणं, काकू, वेळ असतो. कळतं. त्यांना कळलं असणार.

टाचणीने डोळे मिटले. त्या वेळात तिला काय समजलं होतं? देव नाही, कुणाचा चेहरा नाही. एक निळी सतरंजी आणि एक आवाज. आवाज काकांचा, पण शब्द? गॅसवरचं दूध, ओट्यावरचं फडकं. ते ‘देव थांबतो’ काकांनी घरातून, काकूकडूनच उचललं होतं आणि शिकवायला घेतलं होतं. त्या वेळात त्यांच्या कानात कोण बोललं असेल, हे शपथेवर सांगता येणार नव्हतं. तिच्या कानात काय आलं, तेवढं मात्र वचनाप्रमाणे आजच सांगता येणार होतं.

तिने हेडफोन काढून उजवीकडच्या आसनावर ठेवला आणि विमानाचं दार लावलं. फाटकाशी डॉक्टर टॅक्सीत बसत होते. “चला, सोडतो घरी. आज तुम्ही चालवू नका, मी चालवत नाही, तो चालवेल.”

“नको डॉक्टर. जवळच जायचंय. चालत जाते.”

भिंतीच्या कडेने गल्ली सरळ काकूच्या घराकडे जात होती. डोक्यावरून एक मोठं विमान गडगडत गेलं. टाचणी थांबली. आवाज विरला, कुत्रं भुंकून दमलं. ती आणखी थोडी थांबली. काहीच उतरलं नाही. पुढे भिंतीवरून चादरीचा एक कोपरा दिसत होता, पांढरा, निश्चल.

तिने केस कानामागे सारले आणि ती त्या कोपऱ्याकडे चालू लागली.