न दिलेलं इंजेक्शन

मित्रांनो, हल्ली माझ्यावर चादरींच्या घड्या असतात, पण मी मूळची औषधांची ट्रॉली. वर्कशॉपमध्ये मला जोडलं, पांढरा रंग दिला आणि वरच्या कप्प्याला कुलूप बसवलं. त्यात जबर वेदनेवरची इंजेक्शनं असत. बावीस वर्षं मी एकाच वॉर्डात फिरले. चाक कुरकुरायचं, म्हणून पेशंट मला 'म्हातारी' म्हणत.

एका दुपारी नवी सिस्टर मला घेऊन सुतारकाकांच्या खाटेशी आली. सकाळीच त्यांच्या मोडलेल्या मांडीचं ऑपरेशन झालं होतं. इंजेक्शनची वेळ झाली होती. काका ग्लानीत कण्हत होते.

"लवकर द्या ना, सिस्टर," त्यांची मुलगी काकुळतीला आली. "बाबांचे हाल बघवत नाहीत."

सिस्टरने किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. काकांना हाक मारली. डोळे जेमतेम उघडले आणि मिटले. मग घड्याळ बघत तिने त्यांचे श्वास मोजले, पूर्ण मिनिटभर. आठच भरले. तिने ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन केला.

"लिहून दिलंय ना? मग द्या," डॉक्टर वैतागले.

"श्वास आठच आहेत, सर. तुम्ही येऊन बघेपर्यंत मी देणार नाही."

"तुमचे वडील असते तर?" मुलगी कडाडली.

सिस्टरने किल्ली परत खिशात टाकली. "तरी हेच केलं असतं, ताई. या औषधाने श्वासही मंदावतो."

डॉक्टर तणतणत आले आणि त्यांनी काकांना तपासलं. आधीचं औषधच अंगातून उतरलं नव्हतं. आणखी दिलं असतं तर श्वास थांबला असता. त्यांनी लगेच त्या औषधावरचा उतारा दिला. काकांचा श्वास वाढला, जाग आली आणि दुखणंही परतलं.

"आई गं!" काका ओरडले. मुलगी रडता रडता हसली.

"आता यांना सोसायला लावायचं नाही, सर," सिस्टर म्हणाली. डॉक्टरांनी वेगळं औषध लिहिलं. सिस्टर दर थोड्या वेळाने श्वास मोजायची आणि विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" नऊ. सात. संध्याकाळी काका म्हणाले, "चार. बायको रागावली की याहून जास्त दुखतं!"

तिसऱ्या दिवशी काका चार पावलं चालले. "माझं ऐकलं नाहीत, बरं केलंत," डॉक्टर सिस्टरला म्हणाले.

पुढे नवी ट्रॉली आली आणि मी चादरींच्या खोलीत. तक्रार नाही. मित्रांनो, दुखत असेल तर दातओठ खात बसू नका, सांगा. आणि सिस्टर तुमच्या माणसाचे श्वास मोजत असेल, तर तेवढं एक मिनिट तिला द्या.