डावीकडचा टीव्ही

फुटबॉलचे पंच म्हणून उभी हयात घालवलेल्या पंचकाकांना आपल्या नजरेवर भारी विश्वास. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे ते एक डोळा मिटून क्षणात सांगत आणि त्यावर कुणी हुज्जत घातलेली त्यांना खपत नसे. तेव्हा घरात नवी डिश कुठल्या कंपनीची घ्यायची यावरून लेक आणि मुलगा हातघाईवर आले, तसे ते म्हणाले, "दोन्ही इथे लावा. चित्र बघून मी ठरवतो."

लेक वरच्या मजल्यावर राहायची, मुलगा समोरच्या घरात. दोघांच्या डिश वेगवेगळ्या कंपन्यांच्या. रविवारी गच्चीवरून दोन्ही वायरी खिडकीतून आत आल्या. मुलाने आपला टीव्ही उचलून आणला आणि काकांच्या टीव्हीशेजारी ठेवला. दोन्ही एकाच बनावटीचे. दोन्हीकडे तोच सामना लागला. मुलाचा सेट-टॉप बॉक्स डावीकडे, लेकीचा उजवीकडे.

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "डावा. उजवीकडचं चित्र मळकट आहे."

मुलाची कळी खुलली. लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही कायम त्याचीच बाजू घेता."

हे काकांच्या जिव्हारी लागलं. पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर भर मैदानातही कधी कुणी केला नव्हता. सगळे चहाला आत गेले, तेवढ्यात लेकीने गुपचूप बॉक्सची अदलाबदल केली.

"आता बघा."

"डावाच," काका ठामपणे म्हणाले.

"आता डावीकडे माझा बॉक्स आहे, बाबा."

मुलगा चपापला. मग म्हणाला, "उजवा टीव्हीच बिघडला असेल." त्यांनी टीव्ही इकडचे तिकडे केले. काका पुन्हा म्हणाले, "डावा."

कोपऱ्यात बसून हा तमाशा पाहणाऱ्या काकू उठल्या. "अहो, डावीकडे बघताना तुम्ही उजवा डोळा मिटता. उजवीकडे बघताना डावा. सवयच आहे तुम्हाला. आता नुसता खिडकीचा पडदा बघा बरं, एकेका डोळ्याने."

काकांनी खिडकीचा पडदा पाहिला. डाव्या डोळ्याला तो पांढरा दिसला. उजव्याला चहात बुडवून काढल्यासारखा. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

"निर्णय मागे घेतो," ते म्हणाले. "टीव्हीत काही खोट नाही. डोळ्यात आहे." आणि लेकीकडे वळून, "बाजू मी कुणाचीच घेतली नव्हती."

"कळलं, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट, शस्त्रक्रियेला जाताना घाबरलेल्या मुलाची त्यांनाच समजूत काढावी लागली.

डोळा बरा झाल्यावर दोन्ही टीव्हींवर पुन्हा सामना लागला. या वेळी दोन्ही डोळे सताड उघडे. खेळाडू उभे असताना दोन्ही चित्रं सारखीच दिसत होती. चेंडू सुसाट निघाला की फरक पडायचा: मुलाच्या कंपनीच्या चित्रात गवत पुसट होऊन हिरव्या सतरंजीसारखं सपाट व्हायचं, चेंडूमागे शेपूट यायचं. लेकीच्या चित्रात पातं न् पातं वेगळं राहायचं.

"लेकीची डिश," काकांनी सांगितलं.

"म्हणजे आता तिची बाजू?" मुलगा कुरकुरला.

"गवताकडे बघ. चेंडूकडे नको."

मुलगा टीव्हीसमोर उकिडवा बसला. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, परत आला. तो मान डोलावत उठला. "माझ्याकडे इतके दिवस हे असंच दिसत होतं?"

"तू गोल मोजत होतास," बहीण म्हणाली.

काकूंनी रिमोट मागितला. त्यांची मालिका सुरू व्हायची होती. काकांनी मुकाट्याने दिला आणि मालिकेतल्या सासूच्या साडीचे काठ किती बारीक नक्षीचे आहेत, हे सगळ्यांना सांगत बसले.