पंधरा दिवस हातावर हात

बाबांच्या बोटांना ठसेच उरलेले नाहीत, हे आम्हाला कळलं ते पासपोर्ट ऑफिसच्या सात नंबरच्या काउंटरवर. तोवर सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. नूतनीकरणाचा फॉर्म मी भरला होता. जुना पासपोर्ट, त्याच्या पानांच्या झेरॉक्स, विजेचं बिल, सगळं एका फोल्डरमध्ये क्रमाने लावलं होतं. फोटोत हसायचं नाही म्हणून स्टुडिओत बाबांना तीनदा दटावलंही होतं.

काउंटरवरच्या बाईंनी जुना पासपोर्ट चाळला. "एकही शिक्का नाही?"

"नाही," बाबा म्हणाले. "जपून ठेवला होता."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ती पानं कोरी का राहिली ते मला ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी ताई नोकरीला परदेशी गेली, तेव्हा आईबाबांनी हौसेने दोघांचे पासपोर्ट काढले होते. ज्या आठवड्यात तिकिटं काढायची, त्याच आठवड्यात आईचे रिपोर्ट आले. पुढची दोन वर्षं दवाखान्यात गेली आणि मग आईच गेली. बाबांच्या पासपोर्टची मुदत कपाटातल्या कपाटात संपली.

आता ताईला दिवस गेले होते. अकरा आठवड्यांनी तारीख होती आणि आमचे भावजी जहाजावर होते, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत परतणार नव्हते. ताई फोनवर म्हणायची, "मी करेन गं सगळं," आणि मग फोन न ठेवता नुसतीच गप्प राहायची. एकदा बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "आई असती तर ती आली असती. ती नाही, तर मी येतो." त्यावर ताई इतकी रडली की शेवटी फोन मलाच बंद करावा लागला.

तर ते ठसे घ्यायचं मशीन. काचेवर आधी उजव्या हाताची चार बोटं ठेवायची, मग डाव्या, मग अंगठे. बाबांनी बोटं ठेवली आणि पडद्यावर चार पांढरे गोळे उमटले, बिनरेषांचे. बोटं पुसली, दाबून ठेवली, फुंकर मारली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"फर्निचरला पॉलिश करतो. चाळीस वर्षं झाली."

"म्हणजे काचपेपरने झिजले." त्यांनी मान हलवली. "वरच्या साहेबांच्या मंजुरीसाठी फाईल पाठवता येईल, पण तिला तीन महिने लागतात."

"तीन महिने नाहीत हो आमच्याकडे," मी म्हणाले. "पासपोर्टनंतर व्हिसाही काढायचाय."

"मग असं करा. ठसे परत उगवतात. पंधरा दिवस हातांना अजिबात काम देऊ नका. तेल लावा, हातमोजे घाला. सोळाव्या दिवशी आणा यांना, मी वेळ लिहून ठेवते."

"पंधरा दिवस?" बाबांनी विचारलं. बाईंना वाटलं, ते ठशांबद्दल विचारताहेत. ते विचारत होते कामाशिवाय राहण्याबद्दल.

आमच्या घराखालीच बाबांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, त्यात भुसा, स्पिरिटचा वास आणि बाबा. तिथे तेव्हा एका शाळेच्या वाचनालयाचं बारा फुटी टेबल आणि बारा खुर्च्या पडल्या होत्या. टेबल महिन्याअखेर द्यायचं होतं आणि खुर्च्या त्यानंतर जमेल तशा. बाबांनी शब्द दिला होता आणि त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. घासायचं मशीन आहे त्यांच्याकडे, पण शेवटचा हात हातानेच फिरवायचा असतो, असं ते म्हणतात.

मी कारखान्याला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, आमच्या बाबांना तर भिंतीही पुरेनात. पांढरे सुती हातमोजे घालून ते घरभर फिरत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या झाडण्यात चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी, वीस वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्या मामेभावाला फोन करून त्याची तब्येत विचारली, तो बिचारा घाबरलाच. तिसऱ्या दिवशी मला सांगितलं की आमच्या रस्त्यावरून सकाळी आठ ते नऊ एकतीस गाड्या जातात आणि त्यातल्या चार गाड्यांचे ब्रेक वाजतात. कपबशी विसळायला गेले तर मी ओरडायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

पाचव्या दिवशी सकाळी जाग आली ती घासण्याच्या आवाजाने. खाली धावले. कुलूप उघडं, माझी पर्स पायरीवर, आणि बाबा टेबलाखाली उताणे झोपून खालची बाजू घासताहेत. हातमोजे शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेले.

"खालची बाजू आहे," ते तिथूनच म्हणाले. "ही कुणी बघत नाही."

माझा पारा चढला. "बोटं बघणारेत ना, बाबा. वरची बाजू घासा नाहीतर खालची, ती सारखीच झिजतात. तुम्हाला जायचंच नसेल तर तसं सांगा. ताईला मी कळवते."

ते बाहेर आले, कपडे झटकले. खिशातले हातमोजे काढून पुन्हा चढवले. मग म्हणाले, "धाकटे, जायचंय गं मला. पण बसलो की मागचंच आठवतं. तेव्हाही सगळी तयारी झाली होती. हात चालू असले की आठवत नाही."

माझा राग तिथेच विरघळला. मी खाली बसले. मला आईची फार आठवण आली आणि वाटलं, या माणसाने आठ वर्षं आपलं दुःख घासून घासून गुळगुळीत केलंय, आणि मला त्याचा पत्ताच नाही.

"द्या इकडे तो काचपेपर," मी म्हणाले. "मी घासते."

"तू? तुला पेन्सिलीला धड टोक काढता येत नाही."

"तुम्ही तोंडाने सांगा. तोंडाला कुणी बंदी घातलेली नाही."

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात रजा टाकली. चार वर्षं साठवलेली रजा होती, कुठेतरी फिरायला जाईन म्हणून ठेवलेली. गेले ते चौदा पायऱ्या उतरून खाली. मला कारखान्यात कधी येऊच दिलं नव्हतं बाबांनी. तू शिक, या धुळीत तुझं काय काम, असं म्हणायचे. आता स्टुलावर बसून, हातमोज्यातले हात मांडीवर ठेवून, मास्तरकी करत होते.

"लाकडाच्या रेषेच्या अंगाने घास. आडवं गेलीस की ओरखडा पडला. जोर कशाला लावतेस, लाकडाशी भांडण आहे का? पेपर बोलायचा थांबला, घासल्याचा आवाज येईनासा झाला, की बदल."

दिवा तिरका धरला की लाकडावरचा बारीकसा ओरखडाही दिसतो, हे मला तेव्हा कळलं. खांदे भरून यायचे, नाकात भुसा जायचा, रात्री जेवताना बोटं चुरचुरायची. पण टेबलाची एक कड नीट उतरली की मला लहान मुलासारखा आनंद व्हायचा. बाराव्या दिवशी बाबांनी एक हातमोजा काढला, एकच बोट एका कोपऱ्यावरून फिरवलं, लगेच मोजा चढवला. म्हणाले, "हा कोपरा मी केला असता तरी असाच झाला असता." मी दुपारभर तो कोपरा पुन्हा पुन्हा बघून येत होते.

सोळाव्या दिवशी पुन्हा सात नंबर. बाईंनी ओळखलं. डावा हात एका दमात लागला. अंगठे लागले. उजव्या हाताची तीन बोटं लागली आणि तर्जनी अडून बसली. एकदा लाल, दोनदा लाल. बाबांचा चेहरा उतरला. ताईला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायलाही लागले होते.

"तेल जास्त झालंय," बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या रुमालाने काच पुसली, मग खिडकीतून हात घालून बाबांचं बोटही पुसलं. "हलकेच ठेवा, आजोबा. दाबू नका."

हिरवा दिवा लागला.

बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. दहाही बोटं मोठी करून दाखवली, भोवरे, वळणं, बारीक बारीक रेघा. बाबा वाकून बघत राहिले.

"जन्मभर लाकडाच्या रेषा बघितल्या," ते म्हणाले. "माझ्या आज बघतोय."

महिन्याअखेर टेबल शाळेत पोचलं. पासपोर्ट आला, व्हिसा झाला आणि तारखेच्या दहा दिवस आधी बाबा विमानात बसले. विमानतळावर मला जवळ घेण्याऐवजी त्यांनी सूचना केल्या. "खुर्च्यांच्या पाठी आधी कर. पाय शेवटी." मग आत जाता जाता परत आले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

मी रोज संध्याकाळी दोन तास खाली कारखान्यात बसायची. चार खुर्च्या झाल्या त्या दिवशी ताईचा फोन आला. मुलगी झाली होती. "बाबा खोलीबाहेरच उभे होते," ती म्हणाली. "नर्सने विचारलं, आई कुठेय तुमची? मी म्हटलं, हेच. आता सोडतच नाहीत गं तिला, मला मागून घ्यावी लागते." या वेळी आम्ही दोघीही रडलो, पण फोन कुणालाच बंद करावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. दुसरा अंगठा ठेवला, तोही लाल. मागे रांग खोळंबली. हजेरी बघणारा कारकून उठून आला, माझा अंगठा उलटासुलटा करून बघितला.

"मॅडम, यावर काहीच नाही. काय करता काय घरी? थोडे दिवस हातांना आराम द्या."

मी अंगठा खिडकीच्या उजेडात तिरका धरला. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर. बाबांचाच अंगठा होता तो.

"आत्ता नाही जमायचं," मी म्हणाले. "आठ खुर्च्या बाकी आहेत." आणि रजिस्टर मागून घेऊन सही केली.