खुर्चीतून उठण्याची रीत

“तुम्हाला कशाची भीती वाटते?” पोस्टमास्तरांनी विचारले.

खुर्चीतल्या बाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली, मान मागे टाकली आणि त्या खळखळून हसल्या. त्यांना असे हसताना वर्गात कुणी पाहिले नव्हते. त्यांनी स्वतःही आपले असे हसू कधी ऐकले नव्हते.

“उठायची,” त्या म्हणाल्या. “ही बाई खुर्चीतून उठली की मी कुठं असते, ते मला ठाऊक नाही.”

वर्गात टाळ्या वाजल्या.

शनिवारी दुपारी विद्यापीठात भरणारा तो नवशिक्यांचा लेखनवर्ग होता. बाई इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होत्या, म्हणून वर्ग त्यांना एक्स-रेबाई म्हणे. लिहिण्याची हौस त्यांना पूर्वी कधी नव्हती. पण घर मुके झाले होते. ज्या मोजणीदाराने आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून दिल्या, त्या त्यांच्या यजमानांना आता राहत्या घरातले न्हाणीघर सापडत नव्हते. बायकोला ते “अहो बाई” म्हणत आणि तिने पाणी दिले की परिचारिकेचे मानावे तसे आभार मानत. एवढ्या मुकेपणात दिवसभर आपल्याच डोक्यात चाललेले बोलणे कुठेतरी सांडून यावे, म्हणून बाईंनी वर्गात नाव घातले.

वर्ग घेणाऱ्या प्राध्यापिकेला सगळे मॅडम म्हणत. वयाने ती बहुतेकांहून लहान होती. पात्र कागदावर उतरवण्याआधी अंगावर चढवावे, हा तिचा आग्रह. त्यासाठी वर्गाच्या मध्यभागी हातांची एक लाकडी खुर्ची मांडलेली असे. लेखकाने तिच्यात बसायचे, इतरांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तरे पात्राने द्यायची. उठण्याची मात्र रीत ठरलेली होती. खुर्चीचे दोन्ही हात धरायचे, ‘मी उठले’ असे मोठ्याने म्हणायचे आणि उभे राहून स्वतःविषयीची एखादी खरी गोष्ट सांगायची.

“यात जादूटोणा काही नाही हं,” मॅडम म्हणाली होती. “आत कोण आलं होतं आणि बाहेर कोण चाललंय, ते आपलं आपल्याला कळावं, इतकंच.”

“माझ्या चोराचं बरं आहे,” पोस्टमास्तर म्हणाले होते. निवृत्तीनंतर ते एका चोराची कादंबरी लिहायला निघाले होते. “चुकून माझ्याबरोबर घरी आला, तरी नेणार काय? आमच्या हिनं चमचेसुद्धा कुलपात घातलेत.”

पात्र आपल्यासारखे अजिबात नसावे, अशी अट होती. म्हणून पाण्याला भिणाऱ्या बाईंनी पोहायला शिकवणारी एक बाई रचली. ती डावखुरी, गुणगुणणारी, भेटेल त्याला ‘राजा’ म्हणणारी. त्या दुपारी तिला पुढचा प्रश्न विचारला जाणार, एवढ्यात शिपाई दारात आला. “एक्स-रेबाईंचा घरून फोन आहे. ताबडतोब या म्हणताहेत.”

बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि पर्स उचलून धावल्या. खुर्चीचे हात धरायचे तसेच राहिले.

घरी जिन्यात मोजणीदार उभे होते, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी. बाई नसताना त्यांच्यापाशी बसायला येणारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे बाईंची नणंद, खालच्या पायरीवर हात पसरून वाट अडवत होती.

“घरी जायचं म्हणतोय. अरे दादा, हेच घर आहे, सांगून सांगून घसा बसला माझा,” नणंद म्हणाली. “आणि तू बस तिकडं गोष्टी रचत. घरात काय कमी गोष्टी चालल्यात?”

बाई ‘अहो’ म्हणायला गेल्या आणि तोंडातून भलतेच बाहेर पडले.

“काय राजा, कुठं निघालास?”

मोजणीदारांनी खाली पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, बंद खोलीची खिडकी कुणीतरी उघडावी तसे, काहीतरी उघडले.

“आलीस का? किती उशीर,” ते म्हणाले. “पाणी कसं होतं आज?”

आणि ते निमूटपणे जिना चढून वर गेले. पोहण्याची गोष्ट बाईंनी घरात कुणालाही सांगितलेली नव्हती.

“नवऱ्याला अरे-तुरे?” नणंद मागून म्हणाली. “हेच शिकवतात वाटतं विद्यापीठात?” पण भावाला हसताना पाहून तिचा आवाज मध्येच विरला.

त्या दिवसापासून मोजणीदार जेवू लागले. भरवायला ती पोहणारी लागे. बाईंनी घास पुढे केला की ते तोंड फिरवत, तोच घास डाव्या हाताने आला की खात. आधी बाईंना हे नाटक वाटले, नवऱ्यासाठी केलेले. नाटकाला काय जाते, असे त्यांनी मनाशी म्हटलेही. हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की नाटकाला सुरुवात करावी लागत नाही. थांबवायला मात्र फार जोर लागतो. भांडी घासताना कुणीतरी गुणगुणत असे आणि स्वयंपाकघरात बाईंखेरीज कुणी नसे.

“त्या दुसऱ्या बाई चांगल्या आहेत,” मोजणीदार तिला एकदा म्हणाले. “गप्प असतात. हात फार गार असतात त्यांचे.”

“तुला आवडत नाहीत?”

“तसं कसं म्हणू? करतात बिचाऱ्या. पगारी असतील.”

नणंदेने हे दारातून ऐकले. त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही. जाताना वहिनीच्या पाठीवर हात ठेवून ती एवढेच म्हणाली, “वहिनी, खरं सांगू? दादा बोलतो ते बरं वाटतं. पण तू अशी बोलायला लागलीस, की मला या घरात एकटीला बसवत नाही.”

कामाच्या ठिकाणी जे घडले ते अधिक वाईट. छातीच्या तपासणीसाठी एक म्हातारा वाहनचालक आला होता. बाईंनी त्याला फळीला टेकवून उभे केले, शिशाच्या आडोशामागे गेल्या आणि नेहमीचे शब्द उच्चारले, “श्वास घ्या. रोखून धरा.” कळ दाबली. डाव्या हाताने. त्यानंतर म्हणायचा एक शब्द उरला होता, तो आला नाही. आडोशातल्या जाड काचेकडे पाहता पाहता त्यांना वाटले, ही काच नव्हे, हा पाण्याचा पृष्ठभाग आहे आणि आपण तो खालून पाहत आहोत. वर ऊन हलते आहे. किती छान, किती हलके.

“बाई,” पलीकडून घुसमटलेला आवाज आला, “सोडू का आता? का असाच जाऊ?”

“सोडा, सोडा,” बाई ओरडल्या. म्हातारा खोकत हसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी एकाही माणसाचा श्वास असा अडकवून ठेवला नव्हता.

तरीही त्यांनी तिला जाऊ दिले नाही. घरी तिच्यामुळे आवाज होता. आपला नसला, तरी आवाज होता.

मग एका सकाळी, खिडकीत ऊन आलेले असताना, मोजणीदार आपण होऊन बोलू लागले.

“माझी बायको होती,” ते तिला म्हणाले. “तुला माहीत नसेल.”

“सांग ना, राजा.”

“पाण्याला भ्यायची. लग्न नवीन होतं, मोजणीला गेलो होतो, तिला बरोबर नेलं होतं. काम संपलं आणि मी नदीत उतरलो. ही काठावर. म्हटलं, ये. नाही आली. माझे बूट मांडीवर घेऊन बसली, सारा वेळ. मी बाहेर आलो तर बूट आतून गरम. उन्हाकडं तोंड करून धरले होते तिनं. थंडीत मला गार बूट घालायला लागू नयेत म्हणून.” ते थांबले. “असं कुणी करतं का गं?”

“मग? कुठं गेली ती?”

मोजणीदारांनी हाताने हवेत एक सरळ रेषा ओढली. “हद्दीपलीकडं गेली असेल. इथं तर दिसत नाही.”

म्हणजे यजमानांच्या मनात बाई अजून होत्या. एवढ्या वर्षांपूर्वीचे ते बूट त्यांनी मनात जपून ठेवले होते! ते ऊन पुन्हा एकदा आठवावे म्हणून बाईंनी डोळे मिटले.

नदी दिसली. काठही दिसला. पण तो दूर होता, आणि मध्ये पाणी होते. पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत होते, गार आणि सवयीचे. आणि तिकडे काठावर, मांडीवर बूट घेऊन, एक तरुण बाई अंग चोरून बसली होती. तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

बाईंनी डोळे उघडले. दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. सुटला, तर डावाच हात आधी हलेल, हे त्यांना कळत होते.

शनिवारी त्या वर्गात सगळ्यांच्या आधी पोहोचल्या.

“मॅडम, मी त्या दिवशी उठलेच नाही,” त्या म्हणाल्या.

मॅडम हसायला निघाली होती. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तिने हसू आवरले, खुर्ची ओढून मध्यभागी आणली आणि वर्ग जमल्यावर सगळ्यांना म्हणाली, “आज प्रश्न विचारायचे नाहीत.”

बाई बसल्या. बसताच पाय वर गेले, मांडी पडली.

“एक सांगू का?” खुर्चीतून आवाज आला, आणि तो वर्गाला उद्देशून नव्हता. “मी गेले की तो गप्प होईल. बायकोची गोष्ट तो मला सांगतो. तुला नाही सांगणार.”

“ठाऊक आहे मला,” त्याच तोंडातून दुसरा आवाज म्हणाला.

“मग?”

“माझी आठवण आहे ती. मला काठावरून हवी.”

पोस्टमास्तर उठले आणि बाहेर वारा नसतानाही त्यांनी खिडकी लावून घेतली. बाईंनी एकेक पाय खाली सोडला. खुर्चीचे हात धरताना डाव्या हाताची बोटे उघडेनात. उजव्या हाताने त्यांनी ती उलगडून लाकडावर ठेवली.

“श्वास घ्या,” त्या कामावरच्या सपाट आवाजात स्वतःलाच म्हणाल्या. “रोखून धरा.”

वर्गानेही नकळत श्वास रोखला.

“सोडा.”

मग, “मी उठले,” म्हणत त्या उभ्या राहिल्या. “मी क्ष-किरण विभागात काम करते. मला पोहता येत नाही.”

या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत. पोस्टमास्तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले आणि सारी वाट एकही विनोद न करता चालले.

घरी मोजणीदार खिडकीपाशी बसले होते. नणंद कोपऱ्यात काहीतरी शिवत होती. वहिनीच्या तोंडून “अहो” ऐकताच तिने सुई थांबवली, वहिनीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“ती नाही आली?” मोजणीदारांनी दाराकडे पाहत विचारले.

“नाही. ती आता यायची नाही.”

कोपऱ्यात सुई पुन्हा चालू झाली. मग मोजणीदारांनी बाईंना नीट न्याहाळले, एखादा अनोळखी माणूस सभ्यपणे न्याहाळावा तसे.

“तुम्हाला येतं का पोहायला?”

“नाही येत. भीती वाटते मला.”

“मग काठावर बसा,” ते म्हणाले. “घाबरू नका. तिथं काही होत नाही.”

आणि ते पुन्हा खिडकीकडे वळले. त्यानंतर त्या दिवशी ते बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या सकाळी बाईंनी दाराशेजारच्या, ऊन कधी न पोहोचणाऱ्या कपाटातून त्यांचे बूट काढले. स्टूल ओढून त्या त्यांच्याजवळ बसल्या, बूट मांडीवर घेतले आणि पुसण्यासाठी एका बुटात हात घातला.

बूट आतून गरम होता.

त्यांनी हात तसाच आत राहू दिला आणि बुटांची तोंडे खिडकीकडे वळवून धरली.